कात्री चालण्यापूर्वी कापड तपासा
(कारखानदार, मास्टर आणि कारागीर बंधूंसाठी)

तयार कपड्यांच्या धंद्यात आपल्या लोकांची संख्या मोठी आहे. भिवंडी आणि मालेगावच्या मागांवर कापड विणले जाते, मदनपुरा, धारावी, गोवंडीच्या गाळ्यांत ते शिवले जाते, आणि माग चालवणाऱ्यापासून इस्त्री करणाऱ्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी आपली माणसे भेटतात. हुन्नर आहे, मेहनत आहे, रात्रपाळी करण्याची तयारी आहे. असे असूनही सीझन संपल्यावर हिशेबाची वही उघडली की अनेक कारखानदारांच्या पदरात शिलाईच्या नफ्याऐवजी पार्टीच्या डेबिट नोटा पडलेल्या असतात. अमुक नग परत, तमुक नगांचे पैसे कापले. कारखानदार म्हणतो पार्टी बदमाश आहे. पार्टी म्हणते माल खराब आहे. कोण खरे हे ठरवायला दोघांकडेही कागदाचा एक तुकडा नसतो.

क्वालिटी कंट्रोल म्हटले की आपल्या गाळ्यांत एकच चित्र दिसते. शेवटच्या टेबलावर दोन-तीन पोरे बसलेली असतात. लोंबणारे धागे कापतात, तेलाचा डाग दिसला तर फवारा मारतात, शिलाई सुटलेली दिसली तर नग ऑल्टरच्या ढिगात टाकतात. हे काम जरुरीचे आहे, नाही असे नाही. परंतु येथे दोष थांबत नाही, फक्त मोजला जातो. कपडा कापला, शिवला, काज-बटण झाले, इस्त्री झाली, आणि मग पाठीवर विणीची आडवी पट्टी दिसली तर त्या पोराने तरी काय करावे?

थोडा हिशेब करून पाहू. कॉलर, कफ, पट्टी, खिसा, खांदा, बाही असे करता करता एका शर्टावर वीस तरी कामे होतात, प्रत्यक्षात जास्तच. समजा, आपले कारागीर इतके तयार आहेत की प्रत्येकाचे काम १०० पैकी ९९ वेळा बिनचूक होते. अशी फौज कोणाला मिळाली तर तो खुश होईल. आता ०.९९ ला वीस वेळा गुणा. उत्तर येते सुमारे ०.८२. म्हणजे १०० शर्टांत ८२ निर्दोष, आणि १८ शर्टांत कोठे ना कोठे एक तरी ऐब. हे फक्त शिलाईचे झाले, कापडाचा दोष त्यात धरलेलाच नाही. शेवटच्या टेबलावरचा पोरगा दिवसभरात शेकडो नग उलटसुलट करतो, दुपारनंतर त्याचे डोळे थकतात, आणि १८ पैकी काही त्याच्या हातून सुटून जातातच.

दुसरी गोष्ट पैशाची. शर्टाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा असतो, साधारणपणे निम्म्याहून अधिक. कापडाच्या टेबलावर दोष दिसला तर नुकसान वीतभर कापडाचे. कटिंगनंतर दिसला तर तेवढा एक भाग पुन्हा कापावा लागतो, आणि त्याच ताग्याचे कापड शिल्लक असेल तरच रंग जुळतो. शिवल्यानंतर दिसला तर उसवणे, पुन्हा कापणे, पुन्हा शिवणे, म्हणजे दोन वेळची मजुरी. पार्टीच्या गोदामात दिसला तर पूर्ण शर्ट गेला, जाण्यायेण्याचे भाडे गेले आणि पुढच्या ऑर्डरचा भरवसाही राहिला नाही. दोष तोच, त्याची किंमत मात्र प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ज्या कारखान्यात एकच तपासणी परवडते, त्याने ती शेवटी न ठेवता सुरुवातीला, कापडावर ठेवावी.

ताग्याला गुण देण्याची पद्धत

कापड तपासणे म्हणजे ताग्याची वरची घडी उलगडून बोटाने चोळणे नव्हे. आपले पुष्कळ व्यापारी बंधू असेच करतात आणि नजरेवर फार भरवसा ठेवतात. नजर पाहिजेच, पण दोन माणसांच्या नजरा भांडतात. आकडे सहसा भांडत नाहीत.

जगभर चालणारी सोपी पद्धत चार गुणांची आहे. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या डी ५४३० या मानकात ती दिलेली आहे. गुण येथे शाबासकीचे नसून दोषाचे आहेत. दोष ३ इंचांपर्यंत लांब असेल तर १ गुण, ३ ते ६ इंच असेल तर २, ६ ते ९ इंच असेल तर ३, आणि ९ इंचांच्या वर ४. भोक असेल तर १ इंचापर्यंत २ गुण, त्याहून मोठे असेल तर ४. एका वार लांबीत कितीही दोष असले तरी ४ च्या वर गुण द्यायचे नाहीत. संपूर्ण ताग्याचे गुण एकत्र करून त्यांना ३६०० ने गुणा, आणि पन्ह्याचे इंच गुणिले लांबीचे वार या गुणाकाराने भागा. १०० चौरस वाराला किती गुण पडले ते निघते. बाजारात साधारणपणे ४० पर्यंत ताग चालतो असे धरतात. निर्यातीच्या पार्ट्या याहून कमी, कोणी २० सुद्धा मागतात.

उदाहरण घेऊ. ताग ११० मीटरचा, म्हणजे सुमारे १२० वार, पन्हा ४४ इंच. दोषाचे गुण भरले ४८. ४८ गुणिले ३६०० म्हणजे १,७२,८००. ४४ गुणिले १२० म्हणजे ५,२८०. भागाकार साधारण ३३. हा ताग घ्यायला हरकत नाही. दुसऱ्या ताग्याचे गुण ७० भरले तर उत्तर ४८ च्या जवळ येते. तो बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी विणणाऱ्याला किंवा दलालाला कळवायचे. ह्यासाठी संगणक लागत नाही, किराणावाल्याकडे असते तसले गणकयंत्र पुरते.

माल मागाचा असेल तर दोष कोठून येतात हे ओळखणेही कठीण नाही. साध्या मागावर उभा धागा तुटला तरी माग आपोआप थांबत नाही. एक कारागीर चार-सहा माग सांभाळत असतो, त्याचे लक्ष जाईपर्यंत कापडात लांबच लांब उभी चीर पडत जाते. असा दोष दहा वार चालला तर प्रत्येक वाराला ४, म्हणजे ४० गुण एका धाग्याने खाल्ले. आडवा धागा कमी-जास्त झाला की पूर्ण पन्हाभर पट्टी उमटते. वीज गेली, माग थांबला, परत सुरू केला, की त्या जागी पट्टी पडण्याचा संभव फार. मागवाले बंधू हे चांगले जाणतात. ह्याशिवाय धागे न गुंतता मोकळे राहिल्याने होणारे जाळे, गाठी, सुताचा जाड-बारीकपणा, फणीची उभी रेघ आणि तेलाचे डाग. विणणाऱ्याला केवळ 'माल खराब' असे सांगण्यापेक्षा 'बारा ताग्यांपैकी सात ताग्यांत उभा धागा गायब आहे' असे सांगितले तर तो माग दुरुस्त करतो. पहिल्या बोलण्यावर फक्त भांडण होते.

सामान थोडेच लागते. थोडे तिरके टेबल, वर चांगला पांढरा उजेड, मागे सरकणारे कापड आणि तीन फुटांवरून पाहणारा एक माणूस. दोष दिसला की किनारीला रंगीत धागा किंवा स्टिकर लावायचा, म्हणजे थर लावताना मास्टरला कळते. निर्यातीचे कारखाने साधारण दहा टक्के तागे तपासतात. लहान कारखान्याची खरेदीच दहा-वीस ताग्यांची असते, त्याने सगळे तपासावेत. त्याचवेळी पन्हा प्रत्येक ताग्यात तीन ठिकाणी मोजावा. उर्दू शाळेत आम्ही ज्याला अर्ज म्हणायचो तो हाच पन्हा, आणि तो अर्धा इंच कमी निघाला की मास्टरचे सगळे मार्किंग पुन्हा करावे लागते.

वजन, आटणे आणि रंग

कापडाचे वजन पाहायला १० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. १.२५ ग्रॅम भरला तर कापड १२५ जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १२५ ग्रॅम. नमुना १४० चा दाखवून माल १२५ चा पाठवणे हा जुना खेळ आहे, आणि हाताला तो कळत नाही, कारण कांजी भरपूर असते. धुवून, वाळवून पुन्हा वजन केले की कांजी किती होती तेही बाहेर पडते.

आटण्याचा प्रश्न मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण लहान कारखान्यांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते असे माझे निरीक्षण आहे. कापड विणताना, रंगवताना आणि फिनिशिंगमध्ये ओढले जाते. पाण्यात गेले की ते आपल्या मूळ जागी परत येऊ पाहते. ह्यालाच आपण आटणे म्हणतो. तपासणी अशी: लॉटमधून हातभर तुकडा घ्या, पक्क्या शाईने त्यावर ५० सेंटीमीटरच्या खुणा करा, तीन उभ्या आणि तीन आडव्या. ग्राहक घरी धुतो तसे साबणाने धुवा, न ओढता वाळवा, पुन्हा मोजा. ५० चे ४८.५ झाले तर आटणे ३ टक्के. शक्य असेल तर तीन वेळा धुवा, काही कापडे पहिल्या धुण्यात थोडी आणि नंतर आणखी आटतात.

३ टक्के ऐकायला लहान वाटते. ४० इंच उंचीच्या कुर्त्यात तो सव्वा इंचाच्या आसपास जातो. ग्राहक म्हणणार कुर्ता आखूड झाला, दुकानदार म्हणणार माप चुकले, आणि मास्टरचे माप तर बरोबर होते. आटणे आधी माहीत असेल तर उपाय सोपा आहे. धुतल्यानंतर ४० इंच पाहिजे असेल तर ४० ला ०.९७ ने भागा, सुमारे सव्वाएकेचाळीस इंचांवर कापा. पण हे तेव्हाच चालते जेव्हा सगळे तागे सारखे आटतात. एक लॉट १ टक्का आणि दुसरा ५ टक्के आटणारा असेल आणि दोन्ही एका थरात घातले, तर कोणतेही माप ती चूक सुधारू शकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कपड्यात कापड एकटे नसते. कॉलरमधले फ्युजिंग आटले नाही आणि वरचे कापड आटले तर कॉलरवर फुगे येतात. सुती कापडावर पॉलिएस्टरचा दोरा चालवला आणि कापड आटले तर शिलाईवर सुरकुत्या पडतात. शेरवानीचे अस्तर वरच्या कापडापेक्षा जास्त आटले तर घेर आत ओढला जातो. म्हणून तुकडा धुताना त्यावर फ्युजिंग चिकटवून आणि एक सरळ शिलाई मारून धुवावा. दहा मिनिटांचे जास्तीचे काम आहे.

रंगासाठी पांढऱ्या मलमलचा तुकडा बोटाला गुंडाळून कापडावर दहा वेळा घासा, एकदा कोरडा आणि एकदा ओला. प्रयोगशाळेत हेच काम यंत्राने करतात आणि करड्या पट्ट्यांशी ताडून १ ते ५ असा दर्जा देतात. ५ म्हणजे सर्वांत पक्का. गडद रंग ओल्या घासण्यात कमी पडतात, हे काळ्या बुरख्याचे आणि नेव्ही ब्ल्यू गणवेशाचे काम करणाऱ्यांना नवीन नाही. काळ्यावर पांढरे भरतकाम किंवा पांढरी पायपिंग असेल तर दोन्ही कापडे एकत्र शिवून धुतल्याशिवाय कात्री लावूच नये.

शेड पाहताना उजेडाचा धोका असतो. दोन ताग्यांचा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि उन्हात आणले की वेगळा पडतो, कारण रंगाऱ्याने दोन वेळा वेगवेगळे रंग मिसळून तीच छटा काढलेली असते. शेड दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीपाशी पाहावी. प्रत्येक ताग्याचा एक तुकडा कापून, क्रमांक घालून ओळीने चिकटवावा. ताग्याची डावी किनार आणि मधला भाग शेजारी शेजारी धरूनही पाहावे. किनारीला रंग गडद आणि मध्ये फिकट असेल तर त्याच शर्टाची एक बाही दुसरीसारखी दिसणार नाही.

कायदा काय म्हणतो

विणणारे आणि प्रोसेसवाले बिलावर छापतात की कापल्यानंतर तक्रार चालणार नाही. पुष्कळांना ही दादागिरी वाटते. परंतु १९३० च्या माल विक्री कायद्याचा कल याच दिशेने आहे. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खरेदीदाराने मालाबाबत विक्रेत्याच्या मालकीशी न जुळणारे एखादे कृत्य केले, किंवा वाजवी मुदत उलटूनही नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, तर त्याने माल स्वीकारला असे धरले जाते. कापणे हे असेच कृत्य आहे. त्यानंतर भरपाई मागण्याचा रस्ता बंद होत नाही, पण माल परत करण्याचा हक्क साधारणपणे जातो. माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने दिला आहे. आणि नमुन्यावरून केलेल्या विक्रीत संपूर्ण माल नमुन्यासारखाच असला पाहिजे, हे १७ व्या कलमात आहे. म्हणजे हक्क आहे, परंतु तो कात्री चालण्यापूर्वी वापरायचा आहे. नमुन्याचा तुकडा दोघांच्या सह्यांनिशी पाकिटात बंद करून ठेवला असेल तरच १७ व्या कलमाचा उपयोग.

जॉबवर्क करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने कापड विकत घेतलेले नसते, ते पार्टीची अमानत असते. त्याने तर पहिल्याच दिवशी तागे उघडून दोष चलनावर लिहून पार्टीची सही घेतली पाहिजे. नाही तर विणणाऱ्याचा दोष शिवणाऱ्याच्या खात्यावर जातो, आणि हे रोज घडते.

कटिंग आणि शिलाई

कटिंगबद्दल थोडक्यात. एका थरात शक्यतो एकच ताग घालावा, नाही तर ताग बदलला तेथे कागद घालावा. प्रत्येक थराच्या तुकड्यांवर एकच क्रमांक चिकटवावा, म्हणजे सातव्या थराच्या बाहीला सातव्याच थराची पाठ मिळते. वरचा आणि खालचा तुकडा पॅटर्नवर ठेवून पाहावा; थर उंच असेल आणि कात्री तिरकी गेली असेल तर त्या दोघांत फरक दिसतो.

शिलाईत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे इंचाला किती टाके. शर्टाला सामान्यतः १० ते १२ टाके मागितले जातात. मजुरी नगावर असते, महिन्यावर नसते. १२ टाक्यांवर लावलेली मशीन कोणी ८ वर आणली तर तीच मशीन त्याच वेगाने दीडपट लांबी शिवते. कारागिराला दिवसाचे नग वाढलेले दिसतात, मालकाला माल लवकर निघालेला दिसतो, आणि सहा धुण्यांनंतर बगल उसवते. ह्यात एकट्या कारागिराला दोष देणे मला पटत नाही. जो दर ८ टाक्यांत परवडतो तोच दर देऊन १२ टाके मागणारा मालक स्वतःच हा दोष विकत घेत असतो. पट्टी घेऊन एका इंचातले टाके मोजायला अर्धे मिनिट लागते. सुपरवायझरने दिवसातून दोनदा प्रत्येक मशीनवर मोजावेत, आणि दर ठरवतानाच टाके लिहून ठरवावेत.

दुरुस्तीच्या मजुरीचाही विचार करावा. बहुतेक गाळ्यांत नियम असा की ऑल्टर फुकट करून द्यायचे, वर नगामागे पैसे कापायचे. परिणाम उघड आहे. कारागिराला स्वतःच्या हातून झालेला दोष दिसतो, तो तो सांगत नाही, बंडलच्या मध्ये घालून पुढच्या मशीनवर सरकवतो. पुढचा कारागीर शिवून आणखी पुढे देतो. माझ्या पाहण्यातल्या एका गणवेशाच्या कारखान्यात नियम बदलला. कारागिराने आपला दोष आपणच दाखवला तर कापणी नाही, दुरुस्ती आपल्या मशीनवर लगेच. आणि कापडाचा किंवा कटिंगचा दोष शिवण्याआधी दाखवला तर त्याला त्या नगाची पूर्ण मजुरी. पहिल्या आठवड्यात ऑल्टरचा ढीग वाढला, मालक घाबरला. महिन्याभरात तो उतरला, कारण एका मशीनची बिघडलेली सुई आणि एका मास्टरचा बोथट ब्लेड या दोन कारणांनीच बरेच दोष येत होते, आणि तोपर्यंत ते कोणी बोललेच नव्हते. दंड कमी केला की माहिती वाढते.

सुईबद्दल एक नियम कडक असावा. सुई मोडली तर सगळे तुकडे शोधून, वहीत चिकटटेपने लावून, मगच नवी सुई मिळावी. तुकडा सापडला नाही तर ते बंडल बाजूला. मुलांच्या कपड्यांत राहिलेले सुईचे टोक हा डेबिट नोटेचा विषय नाही.

शेवटची तपासणी

आता पार्टीच्या इन्स्पेक्टरकडे येऊ. तो हजार नगांतले ८० काढतो आणि पूर्ण माल पास-नापास करतो, ह्याचे आपल्या लोकांना नवल आणि राग दोन्ही वाटते. त्यामागे गणित आहे. अमेरिकेत बेल कंपनीच्या हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीचे शास्त्र उभे केले, १९५० साली अमेरिकन लष्कराच्या खरेदीसाठी त्याचे मिल-स्टँडर्ड १०५ झाले. ते १९९५ मध्ये रद्द झाले, पण तीच कोष्टके आज आयएसओ २८५९ मध्ये आणि आपल्याकडे आयएस २५०० मध्ये आहेत. नेहमीच्या पातळीप्रमाणे ५०१ ते १२०० नगांच्या मालातून ८० नग काढायचे. मोठ्या दोषांसाठी मर्यादा २.५ ठरली असेल तर ५ सदोष नगांपर्यंत माल पास, ६ निघाले तर नापास. किरकोळ दोषांसाठी ४ ची मर्यादा असेल तर ७ पर्यंत पास, ८ ला नापास. २८१ ते ५०० नगांचा माल असेल तर ५० काढायचे, आणि हेच आकडे अनुक्रमे ३ व ४ आणि ५ व ६ होतात. सुईच्या तुकड्यासारख्या धोकादायक दोषाला मर्यादाच नाही, एकही चालत नाही.

२.५ चा अर्थ अडीच टक्के खराब माल पाठवायची परवानगी, असा काहीजण करतात. तो चुकीचा आहे. ती नमुना घेण्याची मर्यादा आहे, सापडलेला प्रत्येक सदोष नग बदलून द्यावाच लागतो. मोठा दोष कोणता आणि किरकोळ कोणता, छातीच्या मापात किती फरक चालेल, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावे. आणि इन्स्पेक्टर येण्याच्या आदल्या दिवशी आपणच ८० नग काढून तपासावेत. वरच्या खोक्यातले नाही. वरचे, मधले, खालचे, आणि सर्व साइझचे.

माल गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी क्वालिटीची तक्रार काढून पैसे अडवणाऱ्या पार्ट्याही आहेत. ज्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याची उद्यम नोंदणी झालेली आहे (ही नोंदणी जुलै २०२० पासून चालू झाली), त्याला २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरतात, आणि लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास व्याजासह वसुलीसाठी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. अशा वेळी ताग्याचे गुण लिहिलेली वही, सही केलेला नमुना, टाक्यांची नोंद आणि आदल्या दिवशीच्या ८० नगांचा कागद आपल्याकडे असेल तर बोलणे सोपे जाते.

सेकंड मालाचे काय?

इतके करूनही काही नग सदोष निघणारच. ते विकणे नाजायज नाही, दोष लपवून विकणे नाजायज आहे. इमाम अबू हनीफा कूफा शहरात रेशमी कापडाचे व्यापारी होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्या चरित्रात येते की त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठवताना एका कपड्यातील ऐब दाखवून तो ग्राहकाला सांगायला बजावले होते. भागीदार सांगायला विसरला आणि ग्राहक कोण होता हेही आठवेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली. फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणून खरेदीदाराचा माल परत करण्याचा जो हक्क आहे, तो याच मुद्द्यावर उभा आहे.

व्यवहारात करायचे ते असे. सेकंडचे नग वेगळ्या गाठोड्यात बांधावेत, चांगल्या मालात एकही घालू नये. पार्टीच्या ब्रँडचा माल असेल तर तिची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तो विकू नये, आणि परवानगी मिळाल्यावरही लेबल कापून काढावे. दोषाच्या जागी स्टिकर लावावा. बिलावर 'सेकंड माल, विणीचा दोष' किंवा 'सेकंड माल, डाग' असे लिहावे आणि भाव त्याप्रमाणे लावावा.